सर्जेरावला वर घेतलं ती रात्र

बसा रे, टेका जरा. पोलीस भरतीचं सोळाशे मीटर पळून आलात, छातीला दम खाऊ द्या. कलमांची पाठांतरं रोजचीच हायेत. आज एकाच कलमाची गोष्ट सांगतो. घडलेली हाय. ज्याच्यावर घडली तो माणूस माझ्या ओळखीचा हाय आणि आजही बीडात राहतो. विश्वास ठेवायचा का नाही ते तुमचं तुम्ही बघा. फक्त मधून उठून जाऊ नका.

गेल्या वर्षीची, नऊ डिसेंबरची गोष्ट. मंगळवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झालेले, चंद्र उगवायला रात्रीचे दहा वाजणार होते.

दुपारी चारच्या सुमाराला मुबीननं मोटारसायकलला पान्यांची पेटी बांधली, डिझेलचा पाच लिटरचा कॅन अडकवला आणि बीडहून लिंबागणेशच्या रस्त्याला लागला. काम साधं होतं. लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या कुशीत, एका शेतात विहीर खोदायची यारी उभी होती. यारी म्हणजे ते डिझेलच्या इंजिनावरचं क्रेन, तुम्ही बघितलंय. लांब दांडा, त्याच्या टोकाला चाक, चाकावरून खाली सुटलेला वायररोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, आणि रोपाला लोखंडी डबा. त्या डब्यातून दगड-मुरूम वर येतो. खोदणारी माणसंही त्यातच उभं राहून खाली उतरतात, वर येतात. ही यारी दहा महिने तिथंच होती, पोलिसांनी जप्त केलेली. कोर्टानं ती नुकतीच मालकाला परत दिली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर येऊन उचलून नेणार होता. त्याआधी इंजिन चालू करून बघायचं, रोप ड्रमवर नीट गुंडाळायचा, पायाचे बोल्ट ढिले करून ठेवायचे. दोन-तीन तासांचं काम.

हे काम मुबीनला सांगितलं होतं सुंदररावानं, यारीच्या मालकानं.

आता हा सुंदरराव मुबीनचा कोण, ते सांगायला थोडं मागं जावं लागतं.

मुबीन सोळा वर्षांचा असताना त्याचा बाप वारला. घरात आई हजराबी आणि दोन बहिणी. पोरगं बीडात अजीज मिस्त्रीच्या गॅरेजवर इंजिनं खोलायला बसायचं. सुंदरराव तिथं गिऱ्हाईक. त्यानं पोराचा हात बघितला आणि म्हणाला, "चल माझ्याकडं." यारी चालवायला त्यानंच शिकवलं. मुबीनच्या बहिणीच्या लग्नात सुंदरराव स्वतः पंगतीत वाढत फिरला. ईदला शिरखुर्मा खायला पहिला माणूस तोच. हजराबी सगळ्यांना सांगायची, "ये तो अपने घर का आदमी हाय." मुबीन त्याला आण्णा म्हणायचा. तेरा वर्षं आण्णा म्हणेल ती पूर्व दिशा. आणि काही अडलं, कुणी दटावलं, की सुंदररावाचा एक शब्द ठरलेला असायचा. "मी हाय ना."

यारीवर खोदणारा होता सर्जेराव. पंचेचाळिशीतला गडी, अंगानं वाळका पण हाताला लोखंड. त्याची बायको सरूबाई. विहिरीपासून कोसभरावरच्या वस्तीत त्यांचं घर. मुबीन वर यारीवर, सर्जेराव खाली कपारीत, अशा दोघांनी मिळून एकवीस विहिरी काढल्या होत्या. सर्जेराव रोज सकाळी वर बघून जयभीम घालायचा, डब्यात पाय टाकायचा आणि विचारायचा, "मुबीनभाई, रोप बरा हाय ना?" मुबीन म्हणायचा, "बरा हाय, चढा." मग तो खाली जायचा. माणूस साठ फूट खोल जातो तेव्हा त्याचा जीव वरच्या माणसाच्या शब्दावर असतो, दुसरं काही नसतं.

फेब्रुवारीत रोप खराब झाला. हात फिरवला की तुटलेल्या तारा काट्यासारख्या बोटात घुसायच्या. मुबीननं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं ते वीस फेब्रुवारीला, गुरुवारी दुपारी, विहिरीच्या काठावरूनच फोन करून. सरूबाई तेव्हा भाकरी घेऊन आली होती, बाभळीखाली बसली होती.

"आण्णा, रोप कामातून गेलाय. ह्याच्यावर माणूस उतरवायचा न्हाई."

"सोमवारी नवा टाकतो बे. आज सुरुंगाचा मलबा पडलाय, तेवढा उपसून घे."

"आण्णा, लई तारा तुटल्यात."

"मी हाय ना."

जेवण झालं. सर्जेरावनं डब्यात पाय टाकला आणि वर बघून विचारलं. रोजच्यासारखंच. मुबीननं रोपाकडं बघितलं. मग म्हणाला, "हाय. चढा."

डबा वीस फूट खाली गेला आणि रोप तुटला. खाली चाळीस फूट आणि तळाला कोरा दगड. पाणी नव्हतं. पुढचं सांगत नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात मुबीन लिंबाच्या झाडाखाली बसला होता. अंगातला सदरा लाल झालेला, कारण मढं वर काढायला तोच दोराला धरून उतरला होता. सुंदरराव आला. शेजारी बसला, खांद्यावर हात टाकला. खिशातून कागद काढला.

"विम्याचा कागद हाय. ह्याच्यावर सर्जेरावच्या बायकोला पैसे मिळतील. सही कर."

मुबीन उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मराठी वाचायचा, पण अक्षर लावून लावून. त्यात डोळ्यांपुढं अंधारी. त्यानं विचारलं, "आण्णा, माझं काय होईल?"

"मी हाय ना."

मुबीननं सही केली.

कागदावर लिहिलं होतं की पंधरा फेब्रुवारीला नवा वायररोप मला मिळाला, बसवायची जबाबदारी माझी. आणि तिसऱ्या दिवशी नवा कोरा रोप मुबीनच्याच घरामागच्या पत्र्याच्या शेडात सापडला. कुणी ठेवला? मुबीन तर तेव्हा कोठडीत होता.

गुन्हा एकट्या मुबीनवर दाखल झाला. हयगयीनं मृत्यूस कारण. आमच्या वेळेला तीनशे चार-अ म्हणायचे, आता न्यायसंहितेत एकशे सहा. जामीन मिळणारं कलम. पण जामीनदार उभा राहायला पाहिजे ना? "आण्णा येतायत," मुबीन पहिल्या दिवशी म्हणाला. दुसऱ्या दिवशीही म्हणाला. तिसऱ्या दिवशी काही म्हणाला नाही. शेवटी म्हाताऱ्या अजीज मिस्त्रीनं येऊन जामीन दिला. कोठडीतून बाहेर पडल्यावर मुबीननं सही केलेल्या त्या कागदाची नक्कल हातात घेतली, अक्षर लावून लावून वाचली, आणि पायरीवर बसला तो तासभर उठला नाही.

सर्जेरावच्या बायकोचा जबाब एका हवालदारानं लिहिला. ती बाई रडत रडत म्हणाली होती, "ह्या मुबीननं मालकाला फोन केलता, रोप खराब हाय म्हणून. मी ऐकलं." हवालदारानं साहेबाकडं बघितलं. साहेब म्हणाला, "ते कावून पाहिजे? गरज न्हाई." हवालदारानं ते वाक्य लिहिलं नाही.

…आता तुमच्यापासून काय लपवू. तो हवालदार मीच.

असो.

महिनाभरानं ईद आली. हजराबीनं शिरखुर्मा केला आणि एक वाटी भरून ताटलीखाली झाकून ठेवली. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळी ती वाटी तिनं मोरीत ओतली. त्यानंतर तिनं त्या माणसाचं नाव घरात काढलं नाही.

मुबीनला कुणी यारीवर ठेवून घेईना. माणूस मारणारा क्रेनवाला म्हणून नाव झालं होतं. सरकारी मदतीतून त्याला एक वकीलबाई मिळाली, प्रियदर्शनी. तरणी, पण हुशार. तिनं बजावून सांगितलं होतं, "सुंदररावाचा फोन आला तर उचलायचा नाही. तो फिर्यादी पक्षाचा साक्षीदार आहे. त्याच्याकडे जायचं नाही."

आणि आठ डिसेंबरला सुंदररावाचा फोन आला.

"मुबीन, सोळा तारखेला माझी साक्ष हाय. जे झालं त्यानं मलाबी झोप न्हाई लागत. मी खरं ते सांगतो. तू तेवढी यारी सोडवून दे, त्या इंजिनाला तुझ्याबगर कुणाचा हात चालत न्हाई. उद्या आठला मी येतो तिथं. बसून बोलू."

मुबीननं फोन उचलायला नको होता. उचलला. जायला नको होतं. गेला. मी त्याला नंतर विचारलं, अरे कावून गेलास? तर म्हणाला, "काका, तेरा वर्षं मानलं त्याला. एकदा तरी तो म्हणेल, मुबीन, माझं चुकलं... असं वाटायचं."

तर असा तो त्या मंगळवारी विहिरीवर पोचला.

पाच वाजले होते. पाऊस त्या साली धो धो झालेला, विहिरीत तीस फुटांवर पाणी आलं होतं. काळं, थंड, हलत नसलेलं पाणी. बाकी सगळं होतं तसंच. ड्रमवर तोच जुना रोप. पोलिसांनी तुटक्या टोकाचा हातभर तुकडा कापून नेला होता, उरलेला तसाच. मुबीननं इंजिनाचं तेल बघितलं, डिझेल ओतलं, गंजलेले बोल्ट तेल सोडून ढिले केले. मग क्लच-ब्रेक बघायचा म्हणून रोपाला क्लॅम्प मारून रिकामा डबा अडकवला. हँडल मारल्यावर चौथ्या झटक्याला इंजिन धरलं. डबा दोन हात वर-खाली करून बघितला. चाललं सगळं.

दिवस मावळला. वस्तीवरचे दिवे लांबून दिसत होते. साडेसात झाले. मुबीननं सुंदररावाला फोन लावला. घंटी गेली, उचलला नाही. परत लावला. उचलला नाही. मग डिझेल कशाला जाळा म्हणून त्यानं इंजिन बंद केलं आणि पेटीवर बसून राहिला.

इंजिन थांबलं की कानात जे वाजत राहतं ना... ते हळूहळू विरलं. मग रातकिडे. मग तेही...

मुबीननं मोबाइल बघितला. सात बेचाळीस.

"मुबीनभाई..."

त्याला वाटलं, मागून. वस्तीवरचं कुणी आलं असंल. त्यानं मागं वळून बघितलं. शेत. अंधार. कुणी नाही.

"मुबीनभाई... वर घे."

आवाज विहिरीतून होता.

पहिल्यांदा त्याला भीती नाही वाटली, हे नीट ऐका. त्याला वाटलं, कुणी पडलं. तो पळत काठावर गेला, मोबाइलची बॅटरी खाली मारली. "कोण हाय? कोण पडलं?"

पाणी. गुळगुळीत. एक तरंग नाही.

"कोण हाय रे?"



मग... खालून. पाण्याच्याही खालून. जिथं तळ हाय, तिथून. "वर घे रे. लई येळ झाला."

तो आवाज मुबीननं दहा वर्षं ऐकला होता. एकवीस विहिरींच्या तळातून ऐकला होता. ओळखायला काय लागतं?

मोटारसायकल वीस पावलांवर होती. पळायचं ठरवलं असतं तर पळाला असता. म्हणाला, "काका, पळालो असतो. पण त्यानं दुसऱ्या कुणाला हाक न्हाई मारली. मला मारली."

त्यानं इंजिनाला हँडल लावलं. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. दांडा फिरवून डबा विहिरीवर आणला. ब्रेक सैल केला. डबा खाली निघाला.

दहा फूट. वीस.

तीस फुटांवर पाणी. डबा पाण्यावर आपटल्याचा आवाज यायला पाहिजे. मुबीन कान देऊन उभा.

आवाज आला नाही.

रोप सुटतच राहिला. चाळीस. पन्नास. पाण्यात बुडाला म्हणावं तर ते वजन हाताला कळतं. तसं नव्हतं. डबा जसा कोरड्या विहिरीत जातो, तसा जात होता.

साठ.

रोप सैल पडला. डबा तळाला टेकला.

मग... ठण्. ठण्.

दोनदा. सर्जेरावची खूण. डब्यात उभा राहिला की पहारीनं डब्याच्या काठावर दोन टोले. म्हणजे मी चढलो, घे.

रोप ताणला.

ड्रमवर वजन आलं. माणसाचं वजन. क्रेनवाल्याच्या हाताला ते कळतं, दगडाचं वेगळं, मुरमाचं वेगळं. माणसाचं वेगळं असतं. मुबीनचा हात क्लचवर होता. इंजिन धडधडत होतं.

आणि रोपातली एक तार तुटली.

टक्.

"मुबीनभाई..."

त्याला माहीत होतं आता काय येणार.

"रोप बरा हाय ना?"

मुबीननं तोंड उघडलं. तोंडातून निघणार होतं तेच, जे रोज निघायचं. हाय. चढा. तेरा वर्षं त्याच्या कानात दुसऱ्याचं तसलंच एक वाक्य ओतलं गेलं होतं, आणि त्या दिवशी दुपारी त्यानं ते जसंच्या तसं खाली सोडलं होतं. एकानं त्याला फसवलं, आणि त्यानं ह्याला. हे त्याला दहा महिन्यांत कधी सुचलं नव्हतं. दहा महिने तो आपल्यालाच फसवलं गेल्याचं दुःख करत बसला होता. खाली उभा असलेला माणूस त्याच्या मनात आलाच नव्हता.

"न्हाई," तो म्हणाला. परत म्हणाला. "न्हाई, सर्जेराव. रोप बरा न्हाई. त्या दिशीबी न्हवता. मला ठावं हुतं."

खाली शांत.

इंजिन तेवढं चाललंय.

"मला ठावं हुतं सर्जेराव... मी खोटं बोललो तुमाला."



किती वेळ गेला, मुबीनला सांगता येत नाही. एक मिनिट असंल. पाच असतील. वारा नाही. रातकिडा नाही.

मग, अगदी हळू...

"तरी घे."

मुबीननं क्लच दाबला.

रोप निघाला. पन्नास. टक्. चाळीस. टक्. दर तारेला त्याचा जीव जात होता. तीस. टक्. टक्. तो रडत होता, पण हात हलू दिला नाही. डोळे ड्रमवर. विहिरीकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं.

वीस फूट.

इथंच तुटला होता.

टक्. टक्. टक्...

दहा.

आलं. काठाच्या वर आलं काहीतरी. डोळ्याच्या कोपऱ्यातून डब्याची कड दिसली. मुबीननं मान वळवली नाही. दांडा फिरवला, रोज फिरवायचा तसा, हळू. डबा काठावर टेकवला.

डबा एका बाजूला कलला. माणूस उतरताना कलतो तसा.

रोप सैल पडला.

इंजिन आपोआप बंद झालं.

मुबीन तिथंच बसला, क्लचची दांडी धरून. बघितलं नाही. कुणी बोललं नाही. कुणाचा हात लागला नाही. काहीच झालं नाही. बऱ्याच वेळानं रातकिडे सुरू झाले. मग त्यानं मोबाइल बघितला. आठ वाजून अकरा मिनिटं. डबा काठावर होता. रिकामा.

सुंदरराव आला नव्हता. येणारही नव्हता. नंतर कळलं की तो त्या संध्याकाळी घरीच होता, बातम्या बघत. त्याला यारी तेवढी सोडवून पाहिजे होती.

मुबीन घरी गेला आणि तीन दिवस तापानं फणफणला.

सोळा तारखेला कोर्टात सगळे आलो. मी पंचनाम्याचा साक्षीदार म्हणून, निवृत्त झालो तरी बोलावणं असतंच. सकाळी व्हरांड्यात सुंदररावानं मुबीनच्या पाठीवर थाप मारली. "काळजी करू नको, मी हाय ना." आणि अर्ध्या तासानं पिंजऱ्यात उभा राहून त्यानं सांगितलं की नवा रोप मी पंधरा तारखेलाच दिला होता, ही पावती, ही त्याची सही. माझ्या पोरासारखा होता, मॅडम, पण आळशी निघाला. असं म्हणाला. आणि डोळे पुसले. खरोखर पुसले.

मुबीन उठून उभा राहिला. प्रियदर्शनीबाईनं बाही ओढली, तो बसला नाही, जज्जमॅडमकडं बघून म्हणाला,

"मॅडम, मला बोलायचं हाय. रोप खराब हुता हे मला ठावं हुतं. तरीबी मी सर्जेरावला उतरवलं. त्यांनी मला इचारलं, आन मी खोटं बोललो. त्याची सजा मला द्या. पण नवा रोप कधी आलाच न्हवता." मग त्यानं सुंदररावाकडं बघितलं. "आण्णा, तुमी येणार हुता ना आठला?"

तेव्हाही आण्णाच म्हणाला. सुंदररावानं मान फिरवली. भिंतीवर काय होतं बघण्यासारखं, कुणास ठाऊक.

आणि मागच्या बाकावरून सरूबाई उठली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. "फोन केलता, मॅडम. ह्यानं मालकाला फोन केलता, मी तिथंच हुते. पोलिसाला सांगितलं हुतं मी. त्यानं लिवलं न्हाई."

जज्जमॅडमनी विचारलं, जबाब कुणी लिहिला? मी उभा राहिलो. तीस वर्षं त्या खोल्यांमधून साक्षी दिल्या, पण इतकं अवघड वाक्य कधी बोललो नव्हतो. "हिनं सांगितलं होतं, मॅडम. मी लिहिलं नाही."

आता सुंदररावही त्याच गुन्ह्यात आरोपी हाय, मुबीनच्या शेजारी. खटला चालू हाय. माझ्या पेन्शनची चौकशीही चालू हाय, ती चालू दे. मुबीन म्हणतो, शिक्षा होईल ती भोगीन, वकीलबाईनं कमी कराय बघितलं तरी. उद्या तुमच्यातलं कुणी ठाण्यात बसंल आणि कुणाची बाई रडत रडत एखादं वाक्य सांगंल. ते लिहा. बास.

पण गोष्ट इथं संपत नाही.

त्या दिवशी कोर्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर मुबीननं मला विहिरीवरचं सगळं सांगितलं. माझ्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. तिथून मी बसस्टँडवर गेलो तर सरूबाई लिंबागणेशच्या गाडीची वाट बघत बसली होती. माझ्याशी बोलंल असं वाटलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "हवालदार, तुमाला एक इचारू? कुणाला सांगितलं तर येडी म्हणतील."

"इचार बाई."

"मागच्या मंगळवारी लाइट गेलती. साडेआठ झाले असतील. कडी वाजली. उठून बघितलं, कुणी न्हाई. दार लोटून झोपले. सकाळी बघते तर..."

तेवढ्यात गाडी लागली आणि ती पिशवी उचलून चढली.

रविवारी मी तिच्या वस्तीवर गेलो. सरूबाईनं दारातली जमीन बारा दिवस सारवली नव्हती. ओल्या मुरमाची पावलं होती, वाळून पांढरी पडलेली. अनवाणी, मोठ्या माणसाची. कुंपणापासून निघालेली. मी वाकून मोजली, सवय जात नाही. अंगणात नऊ. उंबऱ्याच्या आत दोन.

बाहेर आलेलं... एकही नव्हतं.